मिठातून मीठ वेगळं काढणारा पडदा

समुद्राचं एक किलो पाणी घेतलं तर त्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार निघतात. त्यातलं निम्म्याहून जास्त, १९ ग्रॅमच्या वर, क्लोराइड. सोडियम पावणेअकरा ग्रॅम. त्यामागोमाग सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, कॅल्शियम आणि पोटॅशियम प्रत्येकी ०.४ ग्रॅमच्या आसपास. अगदी शेवटच्या रांगेत लिथियमसारखी मंडळी, ज्यांचं माप ग्रॅममध्ये सांगायलाही संकोच वाटावा: किलोमागे ०.२ मिलिग्रॅमहून कमी.

हे सगळंच्या सगळं अलीकडे ठेवून नुसतं पाणी पलीकडे ढकलायचं तंत्र आपल्याला चांगलं जमतं. त्याचं नाव रिव्हर्स ऑस्मॉसिस, म्हणजे आरओ. १९६०च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत सिडनी लोब आणि श्रीनिवास सुरिराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटचा एक पडदा तयार केला. त्याची वरची कातडी अतिशय पातळ होती आणि खालचा भाग स्पंजासारखा सच्छिद्र. कातडी मीठ अडवायची, स्पंज तिला आधार द्यायचा, आणि जाडी कमी असल्यामुळे पाणी कामापुरत्या वेगाने पार व्हायचं. आजचे पडदे पॉलिअमाइडचे असतात, पण घडण तीच. समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब, म्हणजे गोड्या बाजूचं पाणी खाऱ्या बाजूकडे ओढणारा जोर, सुमारे २७ बार असतो (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा). त्यावर मात करायला ५५ ते ७० बार दाबाने पाणी रेटतात आणि पलीकडे गोडं पाणी येतं.

आता याच यशातली एक अडचण. इस्रायलमध्ये अश्केलॉन इथे २००५ साली समुद्राचं पाणी गोडं करणारा मोठा प्रकल्प सुरू झाला. ते पाणी पुढे शेतीलाही मिळू लागलं, आणि काही पिकांवर मॅग्नेशियम कमी पडल्याची लक्षणं दिसली. आधीच्या पाण्यातून पिकांना मॅग्नेशियम आपसूक मिळत होतं, त्यामुळे खतातून ते वेगळं द्यावं लागेल असं कुणाला वाटलं नव्हतं. आरओने नको असलेलं सोडियम काढताना हवं असलेलं मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि सल्फेटही काढून टाकलं होतं. सुक्याबरोबर ओलंही जळालं. म्हणून बहुतेक प्रकल्पांत आधी ऊर्जा खर्चून सगळं काढायचं आणि मग चुनखडीवरून पाणी नेऊन कॅल्शियम परत घालायचं, असा उफराटा कारभार चालतो.

याच्या उलट गरजाही आहेतच. जड पाण्यातून, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या दुष्फेन पाण्यातून, फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी करायचं आहे. विहिरीच्या पाण्यातून फक्त नायट्रेट काढून टाकायचं आहे. खाऱ्या सरोवराच्या पाण्यातून फक्त लिथियम. पाण्यातून मीठ काढणं हा प्रश्न माणसाने बऱ्यापैकी सोडवला आहे. मिठातून मीठ काढणं हा त्याहून फार अवघड प्रश्न आहे, आणि तो का अवघड आहे हे कळलं की या पडद्यांबद्दल निम्मं कळल्यासारखं आहे.

पाण्याचा अंगरखा

मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे प्रभारित तुकडे सुटे होतात. हे आयन. सोडियम, पोटॅशियम, लिथियम यांच्यावर एक धन प्रभार. कॅल्शियम, मॅग्नेशियमवर दोन. क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड यांच्यावर एक ऋण प्रभार, सल्फेटवर दोन. यांना वेगळं करायचं तर पहिली कल्पना सुचते ती चाळणीची. लहान भोकं ठेवा, लहान आयन गळतील, मोठे राहतील. समजावून सांगणारी बहुतेक चित्रं हेच दाखवतात, आणि ती चित्रं बरीच दिशाभूल करतात.

मॅग्नेशियमकडे बघा. नुसत्या आयनाची त्रिज्या ०.०७२ नॅनोमीटर. सोडियमची ०.१०२. पोटॅशियमची ०.१३८. चाळणीचा हिशेब खरा असता तर मॅग्नेशियम सगळ्यांत आधी पार व्हायला हवं आणि पोटॅशियम अडकायला हवं. प्रत्यक्षात नेमकं उलट घडतं. पोटॅशियम सहज जातं, सोडियम त्यामागून, आणि मॅग्नेशियम दारातच थांबतं.

कारण पाण्यात कुठलाही आयन उघडा नसतो. पाण्याचा रेणू वाकडा असतो. त्याच्या ऑक्सिजनकडच्या टोकाला थोडा ऋण प्रभार, हायड्रोजनकडच्या टोकांना थोडा धन. धन आयन दिसला की हे रेणू ऑक्सिजनचं टोक त्याच्याकडे करून त्याला वेढतात. आयन जितका लहान आणि प्रभार जितका जास्त, तितका हा वेढा घट्ट. मॅग्नेशियम अंगाने चिमुकलं आणि प्रभार दोन, म्हणजे त्याची ओढ सगळ्यांत जोरकस. सहा रेणू त्याला इतके चिकटून असतात की त्यातला एखादा रेणू बदलून दुसरा यायला मायक्रोसेकंदाच्या आसपास वेळ लागतो. सोडियमच्या भोवतालचे रेणू त्याहून निदान हजारपट वेगाने येत-जात असतात. मायक्रोसेकंद म्हणजे आपल्याला काहीच नाही, पण रेणूंच्या जगात तो भलामोठा मुक्काम झाला.

या अंगरख्यासकट मोजलं की त्रिज्यांचा क्रम फिरतो: मॅग्नेशियम ०.४२८ नॅनोमीटर, लिथियम ०.३८२, सोडियम ०.३५८, पोटॅशियम ०.३३१. उघड्या अंगाने जो सर्वांत लहान, तो कपडे घातल्यावर सर्वांत मोठा.

मग अंगरख्याच्या मापाची भोकं पाडली की झालं, असं वाटेल. तसंही नाही. अंगरखा काही लोखंडी चिलखत नव्हे. तो दबतो, थोडा उसवतो, दारातून जाताना बाहेरचे दोन रेणू गळून पडतात आणि पलीकडे नवे येऊन चिकटतात. हे करायला ऊर्जा लागते, आणि ती प्रत्येकाला वेगळी लागते. पूर्ण अंगरखा उतरवायचा तर पोटॅशियमला मोलमागे (मोल म्हणजे कणांची एक ठरावीक, प्रचंड संख्या) सुमारे २९५ किलोज्यूल, सोडियमला ३६५, लिथियमला ४७५. मॅग्नेशियमला मात्र सुमारे १,८३०. पडद्यातली वाट अरुंद झाली की आयनाचं माप मागे पडतं आणि अंगरखा काढायला त्याला किती जड जातं, यावर सगळं ठरू लागतं. पुढचं जवळजवळ सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

पडद्यावरचा प्रभार

त्याआधी एक जुनी, भरवशाची युक्ती. पडद्यालाच प्रभार द्यायचा.

पॉलिमरच्या साखळीवर सल्फोनिक आम्लाचे गट घट्ट बसवले तर पाण्यात ते ऋण प्रभारित होतात. पडदा फुगतो, आत पाणी शिरतं, आणि साखळीवरचे हे ऋण प्रभार जागचे हलत नाहीत. त्यांना तोलून धरायला धन आयन आत येतात, इकडून तिकडे सरकतात. ऋण आयनांना मात्र आतून धक्का बसतो. हा झाला धन आयनांचा पडदा. साखळीवर अमोनियम जातीचे धन गट बसवले की ऋण आयनांचा पडदा तयार होतो. यामागचं गणित फ्रेडरिक डॉनन यांनी १९११ साली मांडलं. कामाला लागतील असे कृत्रिम पडदे मात्र १९५०च्या सुमारास वॉल्टर जुडा आणि वेन मॅक्रे यांनी केले, आणि तिथून हा उद्योग सुरू झाला.

ही युक्ती किती चालते ते एका छोट्या हिशेबाने कळेल. समजा पडद्यात शिरलेल्या प्रत्येक लिटर पाण्यामागे ३ मोल ऋण गट बसवलेले आहेत. बाहेर जेमतेम खारं पाणी, लिटरमागे ०.०१ मोल मीठ. डॉनन यांच्या सूत्राप्रमाणे आत दर ९०,००० धन आयनांमागे एखादाच ऋण आयन घुसू शकेल. आता बाहेर समुद्राच्या जवळपासचं, ०.५ मोलचं पाणी ठेवा. प्रमाण घसरून सुमारे ३८ धन आयनांमागे एक ऋण आयन असं होतं. प्रत्यक्ष पडदे या आदर्श सूत्रापासून थोडे ढळतात, पण कल मात्र हाच. पाणी जितकं खारट, तितका पडद्यावरच्या प्रभाराचा दरारा कमी. प्रयोगशाळेत विरल द्रावणावर झळकलेला पडदा दाट खाऱ्या पाण्यात का मान टाकतो, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

प्रभाराच्या जोरावर धन आणि ऋण वेगळे होतात. दोन प्रभारांचे आयन एक प्रभाराच्या आयनांपासूनही काही प्रमाणात वेगळे होतात. पण सोडियम आणि लिथियम यांच्यात निवड करायला सांगितलं तर ही युक्ती हात वर करते. तिला दोघं सारखेच दिसतात.

आयन एकटा प्रवास करत नाही

एक नियम असा आहे की तो विसरला की या विषयातलं काहीच नीट उलगडत नाही. पाण्यात धन आणि ऋण प्रभारांची बेरीज जवळजवळ शून्य राहावी लागते. पडद्यातून सोडियम पलीकडे गेलं तर त्याच्याबरोबर एखादा ऋण आयन गेला पाहिजे, नाहीतर पलीकडून दुसरा धन आयन परत आला पाहिजे. सोबत सोडून कुणालाही जाता येत नाही.

त्यातून एक विलक्षण प्रकार घडतो. ऋण प्रभाराचा एक पडदा घ्या, जो सल्फेटला जवळजवळ पूर्ण अडवतो पण क्लोराइडला बऱ्यापैकी सोडतो. पाण्यात भरपूर सोडियम सल्फेट आणि थोडं सोडियम क्लोराइड आहे. दाब दिला. सोडियम पलीकडे जायला उत्सुक, पण त्याला जोडीदार हवा. सल्फेट दारात अडकलेलं. मग सोडियम थोड्याशा क्लोराइडला हाताशी धरतं आणि पार होतं. परिणाम असा होतो की गाळून आलेल्या पाण्यात क्लोराइड मूळ पाण्यापेक्षाही जास्त भरतं. गाळल्यावर एखादी गोष्ट वाढते! पहिल्यांदा असे आकडे पाहणाऱ्याला मोजणीत चूक झाली असंच वाटतं. चूक नसते, जोडीचा नियम काम करत असतो.

म्हणूनच ‘हा पडदा इतके टक्के क्लोराइड अडवतो’ हे वाक्य अर्धवट आहे. कुठल्या पाण्यातलं, सोबतीला कोण होतं, हे सांगितल्याशिवाय त्या टक्क्याला फारसा अर्थ नाही.

दाबाचा मार्ग आणि विजेचा मार्ग

प्रत्यक्ष कामात आयन निवडणारे पडदे दोन तऱ्हांनी वापरले जातात.

पहिली तऱ्हा नॅनोफिल्ट्रेशन. ही आरओची सैलसर बहीण. आरओचा पडदा करताना जे रसायन वापरतात त्याऐवजी पिपरॅझिन घेतलं की जाळं थोडं मोकळं विणलं जातं. पोकळ्या अर्धा ते एक नॅनोमीटरच्या होतात, आणि पृष्ठभागावर सहसा ऋण प्रभार राहतो. असा पडदा मॅग्नेशियम सल्फेट नव्वद टक्क्यांच्या बराच वर अडवतो, साधं मीठ मात्र मोठ्या प्रमाणात जाऊ देतो. दाबही आरओपेक्षा पुष्कळ कमी लागतो. पाणी मऊ करायला हे उत्तम. त्याचा मला सर्वांत आवडणारा उपयोग मात्र पिण्याच्या पाण्याशी संबंधित नाही. समुद्रातल्या तेलविहिरींत तेल वर ढकलण्यासाठी समुद्राचं पाणी खाली भरतात. भूगर्भातल्या पाण्यात बेरियम असतं, समुद्राच्या पाण्यात सल्फेट. दोघं भेटले की बेरियम सल्फेटचा दगड तयार होतो आणि नळ्या बुजतात. हा दगड आम्लातही धड विरघळत नाही. म्हणून पाणी खाली सोडण्याआधी नॅनोफिल्ट्रेशनने त्यातलं सल्फेट काढतात, लिटरमागे सुमारे २,७०० मिलिग्रॅमवरून शंभराच्या खाली आणतात. बाकीचं मीठ तसंच राहिलं तरी बिघडत नाही, उलट बरंच. उत्तर समुद्रात १९८०च्या दशकाच्या अखेरीस हे सुरू झालं. नको तेवढंच काढायचं, याचं हे नमुनेदार उदाहरण.

दुसरी तऱ्हा इलेक्ट्रोडायलिसिस. इथे पाणी पडद्यातून ढकलायचंच नाही. पाणी जागेवर राहतं आणि विजेने आयन बाहेर ओढून घ्यायचे. धन आयनांचा एक पडदा, ऋण आयनांचा एक पडदा, पुन्हा धन, पुन्हा ऋण, अशी शेकडो जोड्यांची चळत उभी करतात. दोन टोकांना विजेची टर्मिनलं. धन आयन एका बाजूला ओढले जातात, ऋण दुसऱ्या बाजूला. एक पडदा सोडतो, पुढचा अडवतो. त्यामुळे एकाआड एक फटीत पाणी गोडं होत जातं आणि मधल्या फटींत मीठ साचत जातं.

खर्चाचं गणित दोन्हींत अगदी वेगळं. आरओला जेवढं पाणी ढकलायचं तेवढी मेहनत, विजेच्या मार्गाला जेवढं मीठ हलवायचं तेवढी. एक किलो मीठ एका जोडीतून हलवायला आदर्श स्थितीत सुमारे ४५८ अँपिअर-तास प्रवाह लागतो. जोडीमागे अर्धा व्होल्ट धरला तर ०.२३ किलोवॅट-तास. मचूळ पाण्यात लिटरमागे दोन ग्रॅम मीठ असेल तर घनमीटरमागे दोन किलो, म्हणजे अर्ध्या किलोवॅट-तासाच्या आत काम झालं. समुद्राच्या पाण्यात तेच ३५ किलो, म्हणजे आठ किलोवॅट-तास, आणि पंपांचा खर्च वेगळा. आरओचे प्रकल्प समुद्राचं पाणी घनमीटरमागे साधारण तीन-चार किलोवॅट-तासांत गोडं करतात. म्हणून मचूळ पाण्याला वीज आणि समुद्राला दाब, अशी ढोबळ वाटणी पडली.

पण मीठच हवं असेल तर? जपानमध्ये खनिज मीठ नाही आणि मिठागरांना पुरेसं कोरडं ऊनही नाही. तिथे समुद्राचं पाणी इलेक्ट्रोडायलिसिसने दाट करून मीठ काढायची पद्धत रुजली, आणि १९७२पर्यंत मिठागरांची जागा तिने घेतली. त्यात अडथळा आला तो कॅल्शियम आणि सल्फेटचा. दोघंही दाट होत गेले की पडद्यांवर जिप्समचा थर बसतो. या गरजेपोटी तिथल्या संशोधकांनी फक्त एक प्रभाराचे आयन सोडणारे पडदे घडवले. युक्ती साधी आणि सुंदर आहे. धन आयनांच्या पडद्यावर अगदी पातळ, धन प्रभाराचाच एक लेप द्यायचा. हा लेप सगळ्याच धन आयनांना ढकलतो, पण दोन प्रभारांच्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला फार जोरात ढकलतो. सोडियम-पोटॅशियम थोडे कुरकुरत पार होतात. ऋण पडद्याच्या बाजूला तसाच ऋण लेप देऊन सल्फेट थोपवायचं.

शेतीच्या पाण्याला नेमका हाच गुण हवा असतो. सोडियम जास्त आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी असलेलं पाणी दिलं की चिकणमातीचे कण सुटे होतात, भेगा बुजतात, पाणी जिरत नाही. एक प्रभाराचे आयन तेवढे काढून घेणारा पडदा सोडियम नेतो आणि बाकीचे दोघं मागे राहतात. अश्केलॉनच्या पाण्यात जे घडलं त्याच्या नेमकं उलट.

या चळतींचा रोजचा शत्रू म्हणजे पडद्यावर बसणारा थर. त्यावरचा उपाय अक्षरशः उलटापालटीचा: दर १५ ते ३० मिनिटांनी विजेची दिशा बदलायची. गोड्या पाण्याच्या फटी खाऱ्या होतात, खाऱ्या गोड्या, आणि बसू पाहणारा थर निघून जातो. काही मिनिटांचं पाणी वाया जातं, तेवढं सोसायचं.

सारखे दिसणारे आयन

आता खरी कसोटी. प्रभार सारखा, माप जवळपास सारखं. सोडियम की पोटॅशियम? लिथियम की सोडियम? क्लोराइड की नायट्रेट?

निसर्गाने याचं उत्तर फार पूर्वी काढलेलं आहे. आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात पोटॅशियमच्या वाटा असतात. त्यांतून पोटॅशियम सोडियमच्या सुमारे १०,००० पट सहज जातं, तेही सेकंदाला दहा कोटींच्या आसपास आयनांच्या वेगाने. सोडियम लहान असूनही मागे राहतं! रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ साली मातीतल्या एका जिवाणूतली अशी वाट अणूअणूने पाहून दाखवली आणि २००३ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. वाटेच्या अरुंद भागात ऑक्सिजनचे अणू अशा बेताने रचलेले असतात की पोटॅशियमने पाण्याचा अंगरखा उतरवला की लगेच तितकाच बेतशीर दुसरा अंगरखा भिंतीच त्याला चढवतात. त्याला काहीच भुर्दंड पडत नाही. सोडियम बारीक अंगाचं. त्या मापात ते ढगळ बसतं. पाणी सोडायची किंमत पूर्ण मोजायची आणि बदल्यात मिळणार तोकडं, असा तोट्याचा सौदा ते करत नाही.

इथे एक पेच आहे. भिंतीने पोटॅशियमला घट्ट धरलं तर ते तिथेच बसून राहील. निवड होईल पण वाहतूक थांबेल. निसर्गाने तोडगा असा काढला की त्या वाटेत एका वेळी एकाहून जास्त पोटॅशियम आयन एकामागे एक उभे असतात. ते एकमेकांना ढकलतात, मागचा आत शिरला की पुढचा बाहेर पडतो.

कृत्रिम पडद्यांचं बहुतेक संशोधन याच पेचात अडकलेलं आहे. चार्ल्स पेडरसन यांनी १९६७ साली क्राउन ईथर नावाचे कड्याच्या आकाराचे रेणू जाहीर केले. एका मापाचं कडं पोटॅशियमला बसतं, त्याहून लहान सोडियमला, आणखी लहान लिथियमला. १९८७च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. अशी कडी पडद्यात बसवली की हवा तो आयन ती ओळखतात, हे खरं. पण ओळखून धरून ठेवतात. पडद्याने ओळखायचं आणि सोडूनही द्यायचं असतं. शोषून घेणाऱ्या मण्यांना धरून ठेवणं शोभतं, कारण ते नंतर धुता येतात, पडद्याला नाही. ग्राफीन ऑक्साइडचे थर, धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या जाळ्यांचे स्फटिक, असे बरेच पर्याय आज प्रयोगशाळांत आहेत आणि त्यांचे आकडेही डोळे दिपवणारे असतात. माझं मत विचाराल तर त्या आकड्यांकडे जरा जपून पाहावं. त्यातले पुष्कळ एकेका मिठाच्या वेगवेगळ्या द्रावणांत मोजलेले असतात, टपाल तिकिटाएवढ्या तुकड्यावर, काही तासांसाठी. खऱ्या पाण्यात सगळे आयन एकत्र असतात, एकमेकांची सोबत करतात, एकमेकांची वाट अडवतात. शिवाय पडद्याला लागून पाण्याचा एक संथ थर असतो. त्यात हवा तो आयन संपून गेला की पडदा कितीही चोखंदळ असो, दारात दुसरेच उभे असतात आणि मग तेच आत जातात.

ऋण आयनांत थोडी सोय आहे, कारण त्यांच्या अंगरख्यांत फरक बरा आहे. फ्लोराइडचा सर्वांत घट्ट, मोलमागे सुमारे ४६५ किलोज्यूल; क्लोराइडचा ३४०, नायट्रेटचा ३००. पडद्याचं पॉलिमर जितकं पाणी टाळणारं, तितकं सैल अंगरख्याच्या नायट्रेटला आत शिरणं सोयीचं. त्यावर बेतलेले, नायट्रेटला पुढे काढणारे पडदे विहिरीच्या पाण्यासाठी वापरात आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ५० मिलिग्रॅम आहे. तिच्या थोड्या वर असलेल्या पाण्यातलं सगळं मीठ काढायची गरज नसते. फ्लोराइड मात्र याच कारणाने बाहेर रेंगाळतं. ते नॅनोफिल्ट्रेशनने क्लोराइडपेक्षा चांगलं अडतं, आणि त्याची मर्यादा १.५ मिलिग्रॅम असल्यामुळे तसं अडलेलंच बरं.

लिथियमची गोष्ट सध्या सर्वांत गाजते. चिलीतल्या अताकामा खारपटात लिथियमच्या एका भागामागे मॅग्नेशियमचे सुमारे सहा भाग असतात, बोलिव्हियातल्या उयुनीत वीसच्या आसपास, आणि चीनमधल्या चिंगहाईतल्या काही सरोवरांत तर शेकडो. उन्हात तळी आटवून लिथियम काढायला वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि मॅग्नेशियम जितकं जास्त तितकं ते काम चिकट होतं. इथे पडद्याला लिथियम ‘ओळखावं’ लागत नाही. एक प्रभाराला सोड आणि दोन प्रभारांना अडव, एवढं सांगितलं तरी मॅग्नेशियमचा मोठा भार उतरतो. जपानच्या मीठ उद्योगाच्या गरजेतून आलेले पडदे आणि धन प्रभाराचे नॅनोफिल्ट्रेशन पडदे हे काम करतात. पलीकडे येतं सोडियम-पोटॅशियममिश्रित लिथियम. ते पुढे सोड्याच्या साहाय्याने कार्बोनेटच्या रूपात खाली बसवता येतं. अवघड निवड पडद्यावर न टाकता त्याला झेपणारी निवड करू द्यायची आणि उरलेलं रसायनावर सोपवायचं, हा शहाणपणा उद्योगाने बऱ्याच लवकर ओळखला.

ज्यांना प्रभारच नाही

इतका वेळ प्रभाराबद्दल बोललो. पण पाण्यात असेही काही असतात की ज्यांच्यापुढे प्रभारित पडदा आंधळा ठरतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साडेचार ते पाच मिलिग्रॅम बोरॉन असतं, आणि ते बहुतांशी बोरिक आम्लाच्या रूपात. या रेणूवर प्रभार नाही, अंगरखा हलका, अंग लहान. पाण्याच्याच रेणूसारखा तो पडद्यात मिसळून जातो. आरओसारखा कडक पहारेकरीही त्यातला काही भाग सोडतो. भूजलातल्या आर्सेनिकचं तसंच. ऑक्सिजन नसलेल्या खोल पाण्यात ते प्रभारहीन रूपात असतं आणि निसटतं. ऑक्सिडीकरण करून प्रभारित रूपात आणलं की बऱ्यापैकी अडतं.

बोरॉन माणसाला फारसं बाधत नाही, पण लिंबूवर्गीय झाडांना थोडंसंही सोसत नाही. त्यामुळे अश्केलॉनसारख्या ठिकाणी दुहेरी कोडं असतं: मॅग्नेशियम नको तेवढं जातं आणि बोरॉन एका फेरीत हवं तेवढं जात नाही. बोरॉनवरचा उपाय सांगतो, कारण तो या विद्येचा स्वभाव दाखवतो. पाण्याचा सामू ९.२च्या वर नेला की बोरिक आम्लाचे निम्म्याहून जास्त रेणू हायड्रॉक्साइड पकडून ऋण प्रभारित होतात. अंगावर प्रभार आला की अंगरखा आला, आणि मग पडदा त्यांना अडवू शकतो. पण हे समुद्राच्या मूळ पाण्यात करता येत नाही. सामू तितका चढवला तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम खाली बसून पडदाच बुजवतील. म्हणून आधी साध्या सामूवर एक फेरी करून ते दोघं काढून घ्यायचे, मग निघालेल्या पाण्यात अल्कली घालून सामू दहाच्या आसपास न्यायचा, आणि दुसऱ्या फेरीत बोरॉन गाठायचं.